फाटकावरच्या फांदीचे बांडगूळ

मी एक जुने बांडगूळ आहे. मित्रांनो, हे नाव वाचताच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या, माझी काही तक्रार नाही. आंब्याचे झाड आपली कहाणी सांगते तेव्हा ते सावलीबद्दल बोलते, विहीर बोलते ती पाण्याबद्दल. मला मात्र सांगायला बसले की आधी लाज वाटते. मी एका पाइनच्या फांदीवर जन्मले, तिचेच पाणी पिऊन वाढले आणि शेवटी तिला घेऊनच खाली पडले. तरीही सांगते, कारण माझ्यापायी एक चांगला माणूस घर सोडून निघाला होता.

माझा जन्मही अभिमानाने सांगावा असा नाही. एका बुलबुलाने माझ्या आईचे लाल फळ गिळले. आतले बी त्याला पचले नाही, आणि ते इतके चिकट की बाहेर पडतानाही त्याच्या अंगापासून सुटेना. शेवटी त्याने वैतागून फांदीवर अंग घासले, मला तिथे पुसून टाकले आणि तो उडून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. त्या फांदीवर मी रुजले.

मातीत पाय टेकणे मला माहीत नाही. मी सालीत मुळाचे टोक खुपसले आणि थेट लाकडापर्यंत पोचले. माझी पाने माझी स्वतःची आहेत, चमच्याएवढी, जाडसर. उन्हात माझा स्वयंपाक मीच करते. पण त्या स्वयंपाकाचे पाणी आणि मीठ दोन्ही पाइनच्या घरचे. त्या पाइनने मला कधी हुसकावून लावले नाही, कारण झाडांना ते येत नाही. त्याने थोडा डिंक गाळला, तेवढीच त्याची नाराजी. मी तीही चिकटवून घेतली.

ते झाड कोणाचे, हे मला पुढे कळले. जपानात, सेतो समुद्राच्या काठी, एका लहान गावात तोकुजी नावाच्या माळ्याचे घर होते. सगळ्या गावच्या बागा त्याच्याच हाताखालच्या. त्याच्या दारात काळा पाइन उभा होता आणि त्याची एक लांब फांदी फाटकावरून आडवी गेली होती. अशी फांदी आपोआप होत नाही. लहान असताना तिला बांबू बांधतात, दोरीने ओढतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी पुढे नेतात. तोकुजीच्या आजोबांनी ती वळवायला घेतली, वडिलांनी निम्म्या वाटेवर आणली आणि तोकुजीने ती फाटकाच्या पलीकडच्या खांबापर्यंत पोचवली. येणारा माणूस तिच्याखालून मान जराशी झुकवून आत यायचा. बाग कोणाकडे सोपवावी असा ज्याला प्रश्न पडे, तो आधी ही फांदी बघून जाई. घराची सगळी अब्रू त्या फांदीवर होती, आणि तिच्या टोकाकडे मी जाऊन बसले होते.

तोकुजीला मुलगा नव्हता. मित्सुए ही एकुलती एक मुलगी. म्हणून जावई घरात घेतला. तो बायकोच्या घरी राहायला आला, आपले आडनाव टाकून तिचे घेतले आणि सासऱ्याच्या हाताखाली कात्री धरायला शिकू लागला. त्याचे नाव इवाओ. कोळ्याच्या घरचा तिसरा मुलगा, हाताने दणकट, तोंडाने अबोल. तो आला त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ वाळवलेल्या मासळीची टोपली घेऊन फाटकाशी आला होता. त्यांचे बोलणे मी वरून ऐकले.

“काय रे, नाव बदललंस, आता वासही बदलणार,” भाऊ म्हणाला. “मासळीचा जाऊन डिंकाचा येईल.”

“येऊ दे. तुझ्यापेक्षा बरा येईल.”

“आणि घरात शिरताना अजून ‘येऊ का’ म्हणून विचारतोस म्हणे?”

इवाओ हसला, पण त्याचे कान लाल झाले. भावाने थट्टाच केली होती, पण ती खोटी नव्हती. दिवसभर इतरांच्या बागेत शिडी लावून तो संध्याकाळी परत यायचा आणि फाटकाशी क्षणभर थांबायचा, चपला झटकायचा, घसा साफ करायचा आणि मगच आत जायचा. घरच्या माणसाला एवढे करावे लागत नाही.

पाइनची निगा मोठी असते. वसंतात कोवळे कोंभ हातांनी चिमटायचे आणि वर्ष सरत आले की जुन्या सुया एकेक चिमूट ओढून काढायच्या, म्हणजे नव्या वर्षाला झाड नाहून आल्यासारखे दिसते. तोकुजीच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळे त्या हिवाळ्यात पहिल्यांदा इवाओ वर चढला आणि तोकुजी खाली शिडी धरून उभा राहिला. सुया काढत काढत इवाओ फांदीच्या टोकापाशी आला आणि त्याचा हात थांबला. त्याला मी दिसले होते.

तेव्हा मी ओंजळीत मावेन एवढेच होते. माझ्याखालची डहाळी बोटाएवढी जाड. पण मला नुसते उपटून भागत नाही, कारण माझी मुळे लाकडात असतात. माझ्या मागून ती डहाळीच कापायला हवी होती. आणि ती कापली असती तर फांदी पलीकडच्या खांबापर्यंत पोचली नसती. तीन पिढ्यांनी लांबवलेली फांदी, आणि ती आखूड कोण करणार, तर काल घरात आलेला जावई.

“वर सगळं ठीक?” तोकुजीने खालून विचारले.

इवाओने माझ्याकडे पाहिले. मग फाटकाच्या खांबाकडे पाहिले. त्याने कात्री घेतली, माझी पाने आणि कोवळे दांडे तेवढे सफाईने छाटले आणि अंगरख्यात खुपसले.

“ठीक आहे, बाबा,” तो म्हणाला.

मित्रांनो, मला त्या वेळी आनंद झाला होता. जीव वाचला की कोणालाही होतो. आज त्या आनंदाची मला शरम वाटते.

पाने छाटली तर मी मरत नाही. उलट दाट फुटते. पुढच्या वर्षी मी दुप्पट झाले होते, आणि माझी मुळे सालीवरून सरपटत खोडाच्या दिशेने निघाली होती. इवाओ वर आला, थबकला, पुन्हा छाटले, पुन्हा अंगरख्यात खुपसले. खालून तोच प्रश्न आला आणि वरून तेच उत्तर गेले. आता तर त्याला बोलणे आणखी कठीण झाले होते. या वर्षी सांगावे तर गेल्या वर्षी का लपवले, हेही सांगावे लागणार. दरवर्षी ते ओझे एक वर्षाने वाढत होते. उत्तर देताना त्याचा आवाज कसा बारीक व्हायचा, ते तोकुजीला खाली ऐकू येत नसेल, पण मी त्याच्या हाताशीच होते.

उन्हाळ्यात मला लाल फुले यायची. मग डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले चष्मेवाले पक्षी थव्याने यायचे, कारण माझ्या फुलांत मध असतो. तोकुजी ओसरीत बसून कान द्यायचा.

“इवाओ, पाइनमध्ये चष्मेवाल्यांना काय मिळतं रे?”

“किडे खात असतील, बाबा.”

“मग कीड लागलीय का बघ.”

“बघतो.”

तो शिडी लावायचा, वर यायचा, माझ्या फुलांसमोर नुसता बसून राहायचा आणि खाली उतरायचा. मी लपावे तरी कुठे? मला फुलायचे नव्हते असे म्हणणार नाही. पण त्या माणसाचे तोंड बघितले की माझीच फुले मला नकोशी व्हायची.

एकदा मित्सुए विहिरीशी कपडे धूत होती. इवाओच्या अंगरख्याच्या शिवणीत तिला एक जाड पान सापडले. तिने ते उन्हात धरून पाहिले.

“हे कुठलं?”

“गिऱ्हाइकाच्या बागेतलं असेल,” इवाओ म्हणाला.

 मित्सुएने पान पाण्यात सोडून दिले आणि पुढचा कपडा घेतला.

अशी वर्षे गेली. माझ्या पुढे असलेला फांदीचा भाग हळूहळू विरळ होऊ लागला. सुया आखूड झाल्या, पिवळ्या पडल्या. इवाओ त्या विरळ जागी शेजारच्या डहाळ्या दोरीने ओढून आणायचा आणि खालून फांदी भरलेली दिसेल असे करायचा. त्याचे सगळे कसब असे मला झाकण्यात जात होते. गावात तोकुजीला मानाने तोकुसान म्हणत. लोक म्हणत, तोकुसानच्या जावयाचा हात चांगला बसलाय.

मग तो वसंत आला. गावात शिगेसान म्हणून एक वयस्कर बाई होत्या, मद्याच्या मोठ्या कोठीच्या मालकीण. त्यांच्या नातीचे लग्न ठरले होते आणि पाहुणे येण्याआधी सगळी बाग नव्याने करून घ्यायची होती. ते काम सांगायला त्या स्वतः तोकुजीकडे आल्या. फाटकातून येताना थांबून त्यांनी फांदीचे कौतुक केले. माझी फळे त्या दिवसांत पिकली होती. हिवाळ्यातल्या छाटणीतून चारदोन दांडे पानांआड राहून गेले होते, त्यांची. त्यातले एक त्यांच्या पावलाशी पडले आणि त्यांच्याबरोबर आत गेले.

त्या ओसरीवर बसल्या. मित्सुएने चहा आणला. चपला काढताना शिगेसानच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यावर लाल डाग दिसला आणि मोज्यापासून चपलेपर्यंत डिंकासारखी तार लांबली. त्यांनी ते फळ बोटांत धरले आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

“अगंबाई, हे किती वर्षांनी बघतेय. लहानपणी आम्ही हे तोंडात टाकून चघळत बसायचो. घरी कळलं की ओरडा बसायचा. तोकुसान, तुमच्या पाइनवर…”

इथे त्या थांबल्या. माळ्याच्या दारातल्या पाइनवर काय आहे, ते त्यांना बोलता बोलता उमगले. त्यांनी डाग पडलेले पाऊल पटकन दुसऱ्या पावलाआड लपवले.

“वाऱ्याने कुठून तरी आलं असेल,” त्या म्हणाल्या. “या दिवसांत वारा फार.”

त्यांनी टोमणा मारला असता तरी चालले असते. पण त्यांनी झाकायला बघितले, आणि त्यामुळे ओसरीवर कोणाला मान वर करता येईना. चहा निवला. बागेचे बोलणे निघालेच नाही. उठताना शिगेसान म्हणाल्या, “कामाचं मी मागाहून कळवते,” आणि मागाहून कळवते म्हणजे काय, ते त्या घरात सगळ्यांना कळत होते. ती बाग शेजारच्या गावच्या माळ्याकडे गेली.

त्या गेल्यावर तोकुजीने हात पुढे केला. मित्सुएने ओसरीवर राहिलेले ते फळ त्याच्या तळव्यावर ठेवले. त्याने ते दोन बोटांत चिरडले, तार ओढून पाहिली आणि शिडी मागितली. डोळ्यांनी अधू झालेला तो म्हातारा चाचपडत वर चढला. इवाओ शिडी धरून खाली उभा होता. तोकुजीची बोटे फांदीवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. माझी गाठ तोवर मुठीहून मोठी झाली होती. त्या गाठीवर दरवर्षीच्या छाटणीचे खुंट होते, एकाशेजारी एक. तोकुजीने ते सगळे चाचपले. मग माझी मुळे खोडाकडे किती दूर गेली आहेत, तेही चाचपले.

“काप तिरपा आहे,” तो वरून म्हणाला. “स्वच्छ आहे. मी शिकवला तसाच. पहिल्या वर्षी हाच हात डहाळीला लावला असतास तर बोटभर जखमेवर भागलं असतं.”

“बाबा, ही फांदी तुमच्या आजोबांनी वळवलेली,” इवाओ म्हणाला. “मी नुकता आलेला. मी ती कशी आखूड करणार होतो?”

 तोकुजी उतरला आणि आत जाऊन पडला. जेवायलाही उठला नाही.

मला तेव्हा वाटले, आता तरी कोणीतरी मला उचकटून फेकून द्यावे. मी कधीच कोणाला शब्द दिला नव्हता, कोणाला फसवायला निघालेही नव्हते. पाणी दिसले तिकडे मुळे गेली. पण माझ्यापायी तीन माणसे एकमेकांसमोर उभी राहीनाशी झाली होती, आणि त्या दिवशी जी लाज माझ्या पानापानांत भरली ती अजून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच इवाओ गाठोडे घेऊन फाटकाशी आला. मित्सुए मागून पोचली.

“गाठोडं कसलं?”

“माझे कपडे. कात्री तुमच्या घरची, ती खुंटीला लावून ठेवलीय.”

“तुमच्या घरची,” मित्सुए म्हणाली. “इतकी वर्षं इथलं नाव लावता, आणि अजून तुमच्या घरची.”

“मी बाबांना दरवर्षी खोटं सांगितलं, मित्सुए.”

“मलाही सांगितलंत. ते पान गिऱ्हाइकाच्या बागेतलं म्हणालात. मी माळ्याची मुलगी आहे, मला पान ओळखता येत नाही होय?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. मग मलाच लाज वाटायला लागली. नवऱ्याला आपल्याशी खरं बोलवत नाही, हे कोणाला सांगू?”

 तेवढ्यात तोकुजी भिंतीला हात लावत लावत अंगणात आला. त्याच्या हातात करवत होती.

“इवाओ, शिडी आण.”

“मी निघालोय, बाबा. शेजारच्या गावातून कोणाला तरी बोलवा. या फांदीला हात लावायची माझी लायकी नाही.”

“परका माणूस येऊन माझ्या फांदीला करवत लावणार?” तोकुजी म्हणाला. “मी अजून मेलेलो नाही. घरचा माणूस कापेल.” आणि त्याने करवतीची मूठ इवाओकडे करून ती पुढे धरली. इवाओने बराच वेळ ती घेतली नाही. म्हाताऱ्याचा हात खाली होईना, तेव्हा त्याने ती घेतली.

डहाळी कापून आता भागणारे नव्हते. फाटकावरची सगळी फांदी जवळजवळ खोडापासून कापावी लागली. इवाओ कापत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. रस्त्याने जाणारी मासळीवाली आपली हातगाडी थांबवून बघत उभी राहिली, मग मयताला द्यावा तसा मान देत तिने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मित्सुएने जमिनीवरचे गाठोडे उचलले आणि कोणाला न सांगता आत नेऊन ठेवले. फांदी पडली तशी मीही पडले. फाटकावर एकदम नुसते आभाळ आले. इतके उघडे फाटक त्या घरातल्या कोणी पाहिले नव्हते.

मला वाटले, आता सगळे आत जाऊन दार लावून घेतील. पण तोकुजी झाडाच्या खोडाला हात लावून उभा होता. त्याची बोटे सालीवर काहीतरी शोधत होती. मागच्या बाजूला, सावलीत, करंगळीएवढी एक डहाळी होती. आजवर तिच्याकडे कोणी बघितले नव्हते. त्याने बांबू मागितला, काथ्याची काळी दोरी मागितली, आणि त्या डहाळीचे तोंड फाटकाकडे वळवायला घेतले.

“बघतोस काय? धर बांबू.”

इवाओने धरला. डहाळी कुरकुरली पण मोडली नाही.

“ही फाटकापर्यंत कधी पोचेल, बाबा?”

“मला काय विचारतोस? मी बघायला नसेन. तूही नसशील बहुतेक.” तोकुजीने दोरीचे टोक त्याच्या हातात दिले. “दरवर्षी दोरी सोडून नव्याने बांधायची. नाहीतर काचते आणि डहाळी मरते. मला दिसत नाही आणि मित्सुएचा हात पोचत नाही, तेव्हा हे काम आता तुझं.”

 इवाओने गाठ मारली. तोकुजीने ती चाचपून पाहिली आणि ढिली आहे म्हणून पुन्हा सोडायला लावली.

मी सध्या त्यांच्या परसात, न्हाणीघराच्या चुलीपाशी पडून आहे. कापलेल्या फांदीत अजून थोडी ओल आहे, म्हणून पाने टवटवीत दिसतात. मरता मरताही मी तिचेच पाणी पिते आहे. काय करणार, मला दुसरे काही येत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे आंब्याच्या फांद्यांवर माझे नातलग राहतात असे ऐकते. वर्षातून एकदा तरी आपल्या झाडांकडे मान वर करून नीट बघा. आमच्यापैकी कोणी दिसले तर दया करू नका, आम्ही लहान असतानाच डहाळीसकट काढून टाका. झाडाला थोडे लागेल, पण झाड वाचेल. आणि कोणी आमची पाने तेवढी छाटून गुपचूप खाली उतरताना दिसले, तर त्याला रागावू नका. त्याचा हात धरा आणि घरातल्या माणसांना हाक मारा. त्या पहिल्या हिवाळ्यात, सासरा खाली आणि जावई वर असताना, अशी एक हाक कोणीतरी मारायला हवी होती. दोघांच्या मध्ये फक्त मी होते, आणि मी गप्प राहिले.